बाबांचा बेंजो माळ्यावरून निघाला

शिवडीची_माहेरवाशीण

आमची शिवडीची चाळ एकदाची रीडेव्हलपमेंटला गेली. खोल्या रिकाम्या करायला महिनाभर मिळाला, म्हणून गेल्या रविवारी मी आणि वहिनी माळा उपसायला बसलो. पितळेचे डबे, दादाची दहावीची गाइडं, एक पाय मोडलेला पाट, आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, गोणपाटात गुंडाळलेला बाबांचा बेंजो.

माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याने सुतळी सोडली, बटणांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आजोबा टायपिस्ट होते का?"

वहिनी हसून हसून खाली बसली. मीही हसले. पण मग त्याला समजावून सांगायला गेले तर मलाच धड सांगता येईना.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: दोन-अडीच फुटांची लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर दोन ओळींत टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. बाबा नखी प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणातून कापायचे, त्यामुळे आमच्या घरात एकाही डब्याला धड झाकण नव्हतं. बटणांवर आकडे आहेत. मधल्या सात-आठ बटणांवरचे पार पुसले गेलेत, हात लावला तर गुळगुळीत. टोकाच्या तीन बटणांवरचे मात्र अजून ठसठशीत आहेत.

बाबा गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे, होते. बेंजो हौसेचा. गणपतीत आणि लग्नसराईत बेंजो पार्टीबरोबर, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या ताफ्याबरोबर, जायचे. ८२ चा संप झाला आणि हौसेवर घर चालायला लागलं. तेव्हा मी नऊ वर्षांची. गल्लीतली वीस-बावीस वर्षांची पोरं संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसायची, "मास्तर आहेत का?" म्हणून. ज्या पोरांना स्वतःच्या घरात कुणी विचारत नव्हतं, ती बाबांसमोर चपला बाहेर काढून बसायची, हे मला अजून आठवतं.

बाबांनी दादाला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. दादाला गती नव्हती. मला होती, असं आई म्हणायची. मी पितळेच्या डब्यावर ठेका धरायचे तो बाबा आतून ऐकायचे आणि चुकला तर खोकायचे. पण बेंजोला हात लावू दिला नाही. "रस्त्यावरचं वाद्य आहे ते." विषय संपला. मिरवणूक निघायची तेव्हा पोरं खाली आणि आम्ही पोरी गॅलरीत कठड्याला.

मुलगा लॅपटॉपवर बीट्स बनवतो, दिवसभर रॅप ऐकतो. त्याचं म्हणणं, १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये बेकार पोरांच्या गल्लीत हिप-हॉप सुरू झालं आणि पुढे जगभरच्या पोरांचं चालणं-बोलणं बदललं. मी म्हटलं, अरे, आमच्याही गल्लीत बेकार पोरंच होती. तर म्हणाला, "मग तिथे काय झालं ते सांग ना." तिथे मी अडकले.

तर प्रश्न दोन. हे वाद्य मुळात आलं कुठून? आणि लालबाग-परळ-शिवडीकडच्या पोरांना त्या काळात बेंजोचं एवढं वेड का लागलं? जाणकारांनी सांगावं. कुणाला विकत हवा असेल तर मात्र विचारू नये, दादाने आधीच दोनदा विचारून झालंय.

---

जुनी_वाद्यं

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि तुमच्या चिरंजीवांची माफी मागा. त्यांनी बरोबर ओळखलंय.

हे वाद्य जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने ते बनवलं, आणि बटणांची कल्पना टाइपरायटरवरूनच घेतली. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली म्हणून नाव पडलं ताइशोगोतो. 'कोतो' हे त्यांचं जुनं, लांबलचक तंतुवाद्य. ते शिकायला वर्षं जातात. मोरिताला असं काहीतरी हवं होतं की घरी बसून, फारशी तालीम नसलेल्या माणसालाही वाजवता यावं. बटणांवर आकडे त्यासाठीच.

पुढे ते हिंदुस्थानात आलं आणि इथे त्याला 'बुलबुल तरंग' हे गोड नाव मिळालं. बलुचिस्तानात गेलं तिथे त्याचं 'बेंजू' झालं. बलुची कारागिरांनी ते वाढवत वाढवत जवळजवळ हातभराचं होतं ते दोन हातांचं केलं, आणि आज तिकडचं लोकसंगीत बेंजूशिवाय पुरं होत नाही. मुंबईत त्याच्या पोटात तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसला, तो अँप्लिफायरला जोडला आणि त्याचा बेंजो झाला. अमेरिकेतल्या बँजोशी याचं नावापलीकडे काही नातं नाही. तो कातडं मढवलेला असतो आणि त्याचं मूळ आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या वाद्यांत आहे.

गंज धरलेल्या तारा तशाच ताणू नका. तुटून डोळ्याला लागते.

---

ट्रिपलवाले_काका

ताई, तुमचा धागा वाचला आणि जेवायचं राहिलं. मी परळचा. ८४ ते ९७ तेरा वर्षं ट्रिपल वाजवला. ट्रिपल म्हणजे तीन ड्रमचा जोड, गळ्यात अडकवायचा. अजून डावा खांदा खाली आहे माझा, शर्ट शिवताना टेलर दर वेळी विचारतो.

वेड का लागलं म्हणता? सरळ हिशोब सांगतो. ब्रास बँड म्हणजे वीस माणसं, गणवेश, क्लॅरिनेट-ट्रम्पेटचा खर्च, आणि ते शिकायचं तर बँडवाल्याच्या घराण्यात जन्म हवा. ऑर्केस्ट्राला गायक पाहिजे, हॉल पाहिजे, तिकीट पाहिजे. बेंजो पार्टीला काय पाहिजे? एक बेंजो, एक ट्रिपल, ढोलकी, ताशा, खुळखुळा, एक हातगाडी, तिच्यावर अँप्लिफायर आणि दोन भोंगे. पुढे कोंगो आले, पॅड आलं, पण सुरुवात एवढ्यावरच. आणि शब्द लागत नाहीत! गाणारा बसला तर ऑर्केस्ट्रा बसतो. बेंजोवर तार गाते आणि शब्द नाचणाऱ्यांच्या तोंडात असतात. आनंद शिंद्यांचा पोपट कॅसेटवर आला तेव्हा आठवड्याच्या आत प्रत्येक मंडळाला तोच हवा. आमच्या मास्तरांनी चहाच्या टपरीवर दोनदा ऐकला आणि रात्री वाजवला.

आता पोरांचं. १८ जानेवारी ८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. तो संप कागदोपत्री कुणी मागे घेतलाच नाही, तुम्हाला माहीतच असेल. माझा बाप सहा महिने रोज डबा घेऊन निघायचा आणि भारतमाता टॉकीजच्या कोपऱ्यावर उभा राहून परत यायचा. आम्हा पोरांना गिरणीत चिकटायचं एवढंच ठाऊक होतं. आधी बदलीत, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, लागायचं, मग कायम व्हायचं, मग लग्न. तो जिनाच कोसळला. उभं राहायचं कुठे? नाक्यावर.

नाक्यावर दोन प्रकारची माणसं सुपारी द्यायला यायची. आमच्यात सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग, विडा-सुपारी देऊन पक्कं करायचं. दुसरी सुपारी कसली ते पेपरात यायचं. एकाच गल्लीतली पोरं या सुपारीलाही गेली आणि त्याही. माझ्याबरोबर ताशा वाजवणारा एक होता, हात असा की ताशाची काडी दिसायची नाही. त्याने मधेच पार्टी सोडली. पुढचं लिहीत नाही.

मला रात्रीचे चाळीस रुपये मिळायचे. पण पैशाचं सोडा. आम्हाला सारखे शर्ट शिवले होते, पिवळे, मोठ्या कॉलरचे. ते घालून चाळीतून खाली उतरताना आजूबाजूच्या खोल्यांची दारं उघडायची. गिरणीवाल्याचा बेकार पोरगा म्हणून नाही, 'पार्टीतला' म्हणून. मास्तर दारू प्यायलेल्याला वाद्याला हात लावू द्यायचे नाहीत. वाजवून झाल्यावर काय करता ते त्यांनी कधी विचारलं नाही. सगळं गोडगोड होतं असं सांगणार नाही. मारामाऱ्या झाल्या, विसर्जनाला दोन पार्ट्या समोरासमोर आल्या की कोण आधी थांबतो यावर डोकी फुटली. ज्याच्या मंडळाचं वाजवलं त्याच्या पक्षाचे होऊन बसलो, निवडणुकीत फुकट वाजवलं.

एक विचारू? तुमचे बाबा कोणत्या पार्टीत ते इथे नका लिहू, पण बेंजोच्या डाव्या कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे का बघा. त्या भागातले दोन-तीन मास्तर मनगट घसरू नये म्हणून लावायचे.

---

साडेदहा_वाजले

माफ करा, पण आठवणींचा एवढा उमाळा बघून राहवलं नाही. माझं बालपण गिरगावात मंडपाला लागून असलेल्या खोलीत गेलं. बारावीचा अभ्यास मी संडासात बसून केला, कारण तीन भिंती मध्ये यायच्या. आता उपनगरात राहतो, इथे बेंजो नाही, डीजे आहे, काचा थरथरतात. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून आहे. तरुणाईची संस्कृती वगैरे ठीक, पण ती माझ्या कानात का?

---

ट्रिपलवाले_काका

साहेब, तुमचं चूक नाही. आम्हीही पहाटे तीनला वाजवलंय, कुणाची आई आजारी आहे ते विचारलं नाही. एवढंच सांगतो, ट्रिपल वाजवणारा दमतो. दोन तासांनी हात थांबतात, चहा होतो, गल्ली श्वास घेते. डीजेला हातच नाहीत.

---

उरणची_लेक

ताई, तुमचा "रस्त्यावरचं वाद्य" वाचून मला माझी आजी आठवली. थोडं वेगळं सांगते.

आम्ही आगरी. आमच्याकडे बेंजो म्हणजे हळद. उरण-पनवेल-भिवंडी पट्ट्यात हळदीच्या रात्री बेंजो नाही तर लग्न झाल्यासारखं वाटायचं नाही. पण त्याच्या आधी आमच्या लग्नात गाणं कुणाचं होतं? धवलारणीचं. माझी आजी धवलारीण होती. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, वेगळा, आणि तो धवलारीण गाते तेव्हाच तो विधी लागतो. भटजी असो नसो. बाई लग्न लावते! बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. आजीला अक्षर येत नव्हतं, पण रात्रभर पुरतील एवढे धवले पाठ. तिला साडी, नारळ, तांदूळ आणि मान.

बेंजो आला तो पोरांनी आणला. जमिनींचे पैसे यायला लागले, मुंबईची पार्टी बोलावणं ही ऐट झाली. सुरुवातीला आधी धवले, मग बेंजो असं ठरायचं. मग पोरं घाई करायला लागली. माझ्या आत्याच्या हळदीत आजी जात्यापाशी बसून गात होती आणि बाहेर साउंड चेक सुरू झाला. आजीने दोन ओळी ओढून बघितल्या, मग थांबली, आणि हळकुंडं कुटणाऱ्या बायकांना म्हणाली, "कुटा गं तुम्ही, देवाला ऐकू येतंय." नंतर ती बोलावल्याशिवाय गायली नाही. बोलावणं कमी होत गेलं.

म्हणून मला दर वेळी वाटतं, तरुण पोरांना बेंजोने जागा दिली हे खरंच, पण ती जागा रिकामी नव्हती. तिथे बाया बसलेल्या होत्या.

पण दुसरी बाजूही मीच सांगते. माझ्या आईच्या पिढीत पोरीबाळींनी, सासुरवाशिणींनी, पन्नाशीच्या बायकांनी चारचौघांत, पुरुषांसमोर, पदर खोचून बेभान नाचायची एकच रात्र होती, ती बेंजोची. आजी जितकी रुसली तितकीच आई नाचली. मी कुणाच्या बाजूने आहे मला ठरवता येत नाही. हल्ली यूट्यूबवर धवल्यांना बीट लावून गाणी येतात, ती ऐकताना मी नाचते आणि मग मला आजीची लाज वाटते.

---

चौदा_एप्रिल

नांदेडहून लिहितोय. काकांचं एक वाक्य खटकलं: "शब्द लागत नाहीत." तुम्हाला नसतील लागत. आम्हाला शब्दच लागायचे.

आमच्या वस्तीत बाबासाहेब आधी गाण्यातून आले, पुस्तक नंतर. तिसाच्या दशकात नाशिककडे भीमराव कर्डकांचे जलसे सुरू झाले, तेव्हापासूनची ही रीत. ज्या माणसाला सही येत नव्हती तो जलशातून महाडचं तळं आणि काळाराम मंदिर ऐकून घरी जायचा. मग वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा माणूस, १९२२ चा जन्म, मोठेपणी अक्षरं शिकला आणि हजारोंनी गाणी लिहिली. गावोगाव फिरून पेटीवर गायले, मिळेल तिथे झोपले. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि हे सगळं घरात आलं. माझ्या वडिलांनी पहिल्या पगारातून खाटेआधी टेपरेकॉर्डर आणला. प्रल्हाद शिंद्यांची एक बाजू भीमाची, दुसऱ्या कॅसेटवर तेच विठ्ठलाचं गातायत, यावरून आमच्या घरात दर रविवारी वाद. आई म्हणायची, आवाज एकच आहे, ऐका गुमान.

कॉलेजात आम्ही मोर्चाला जायचो तेव्हा भाषण कुणालाच पाठ नसायचं, गाणी सगळ्यांना. युक्तिवाद करायला मी गाण्यांतून शिकलो.

आता डीजे. जयंतीला ट्रक येतात, भिंतीएवढे स्पीकर, आणि वामनदादांचं कडवं अर्ध्यात तोडून खाली धम्म असा ठोका. पोरं कडव्याची वाट बघत नाहीत, त्या धम्मची बघतात. मला त्रास होतो. मी एकदा पुतण्याला तसं बोललोसुद्धा. तो म्हणाला, "काका, ज्या रस्त्यावरून आजोबांना चप्पल हातात घेऊन जावं लागायचं, त्या रस्त्यावर मला काचा हलवायच्यात." यावर मी काय बोलू? साडेदहा_वाजले यांचा ५५ डेसिबलचा नियम मला मान्य आहे, डॉक्टर मलाही कानाचं सांगतात. पण कुणाचा आवाज कधी गोंगाट ठरला, आणि कुणाचा मंगल, याचाही एक इतिहास काढायला हवा.

---

साडेदहा_वाजले

तुमच्या पुतण्याचं वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. नियमाबद्दलचं मत बदललेलं नाही. पण माझ्या यादीत मी जयंतीचा ट्रक धरला होता आणि आमच्याच सोसायटीची दांडियाची नऊ दिवसांची भिंत धरली नव्हती, हे आत्ता लक्षात आलं.

---

शिवडीची_माहेरवाशीण

इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळे प्रतिसाद मुलाला मोठ्याने वाचून दाखवले. टाइपरायटरचं ऐकल्यापासून तो घरात छाती काढून फिरतोय.

काका, सायकलच्या ट्यूबची पट्टी आहे. डाव्या कडेलाच. वाळून कडक झालीय, पण आहे. तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, उठून बॅटरीच्या उजेडात बघून आले.

मुलाला चाळीस रुपये आणि पिवळा शर्ट सगळ्यात आवडला. तो म्हणाला, कुर्ल्याच्या नेझी नावाच्या रॅपरने २०१४ मध्ये आयपॅडवर गाणं रेकॉर्ड करून, आयपॅडवरच व्हिडिओ काढून टाकला, कारण स्टुडिओचे पैसे नव्हते. हातगाडी आणि भोंगे म्हणजे तेच. मी म्हटलं असेल. मग त्याला उरणच्या ताईची आजी वाचून दाखवली. तो बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणाला, "तुझा पितळेचा डबा कुठाय?" डबा वहिनीने भंगारात दिला होता. तो खाली जाऊन परत घेऊन आला. भंगारवाल्याने वजनाने पैसे घेतले, सोडले नाहीत.

उरणची_लेक, तुझ्या लिहिण्याने माझ्या डोक्यातलं एक उलटं झालं. मी इतकी वर्षं बाबांवर रुसून होते की त्यांनी मला रस्त्यावर उतरू दिलं नाही. पुण्याला माझी भाची आता पथकात ढोल वाजवते, कमरेला बांधून, लक्ष्मी रस्त्यावर, आणि तिचा बाप फुटपाथवरून पाण्याची बाटली घेऊन धावतो. ते बघून माझा रुसवा दर गणपतीत ताजा होतो. पण गॅलरीतल्या आम्ही सगळ्या गात होतो. काका म्हणाले ना, शब्द नाचणाऱ्यांच्या तोंडात असतात? खालची पोरं नाचताना दोन ओळींपुढे जायची नाहीत. पुढचं कडवं वरून यायचं. बाबा मान वर करून बघायचे, कुठलं कडवं आलं ते कळायला. हे मला आत्तापर्यंत कधी कामाचं वाटलं नव्हतं. त्याने रुसवा जात नाही, हेही लिहून ठेवते.

बेंजोच्या नव्या तारा आणल्या. भेंडी बाजाराजवळच्या दुकानात त्या म्हाताऱ्या चाचांनी बेंजो न बघताच किती तारा लागतील ते सांगितलं. मुलाने पिकअपची वायर लॅपटॉपला लावायचा घाट घातलाय. अडचण अशी की मधलं एक बटण दाबलं की वर येत नाही, आतच राहतं. शिलाई मशीनचं तेल घालू का?

---

ट्रिपलवाले_काका

तेल अजिबात नको! लाकूड पितं आणि फुगतं, मग शेजारची दोन बटणंही अडकतील. बटण वर ओढून घे, दांडीला मेणबत्ती घास, चारदा खालीवर कर. नाही सुटलं तर खालची स्प्रिंग गेली असेल, फोटो टाक.

आणि जुळवताना मधल्या गुळगुळीत बटणांपासून सुरुवात कर, टोकाची राहू दे. दहाच्या आत वाजव, साडेदहासाहेब जागे आहेत.